टँकरवाल्याने मोजलेले हात

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. दुष्काळात आमच्या कॉलनीत टँकर यायचा. पाईप काखेत धरून टँकरवाला रोज विचारायचा, "काका, अमेरिकेत काय चाललंय?" मुलगा तिथं असल्याने मी ऐटीत सांगायचो, "निवडणूक हरलेले म्हणतात, मोजणीच खोटी!" दोघंही पोट धरून हसायचो.

एकदा टँकर आधी कुठल्या गल्लीत लावायचा, यावर हात वर करून मतदान झालं. हात त्यानेच मोजले. आमची गल्ली हरली.

"मोजणी खोटी आहे!" मी ओरडलो.

"काका, इथंबी अमेरिका व्हय?" म्हणत त्याने पुन्हा मोजले. आम्ही पुन्हा हरलो.

मी टँकरच्या ठेकेदाराकडे तक्रार केली. त्याने टँकरवाल्याला काढून टाकलं.

अजून पैठण रोडवरच्या प्रत्येक टँकरच्या केबिनमध्ये मी डोकावतो. "चुकलं बाबा माझं," एवढंच सांगायचं राहिलंय.