मुखरूभाऊचे फोकस आन् मैनाबाईचं ताट

मुखरूभाऊ माह्या शेजारचा. आमच्या दोघांच्या घरांमधी तुराट्याचं एक कुंपण, आन् त्याच्यातून सारं दिसते, सारं ऐकू येते. म्हणून सांगते, इकडूनतिकडून ऐकलेलं नाई.

हा माणूस तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत लाइटवाला होता. दिवाळी झाली की कंपनीच्या गाडीत बसला, का होळीलेच घरी. आज अहेरीकडे, उद्या मार्कंड्याकडे. हिरोइन रडली की निळा, व्हिलन आला की लाल. पुढं कंबर गेली, खांबावर चढणं बंद झालं, तं कंपनीनं जुने फोकस आन् बटनांचा एक बोर्ड देऊन त्याले घरी पाठवलं. माणूस घरी आला, डोकं स्टेजवरच राह्यलं.

इकडे त्याच्या बायकोनं, मैनाबाईनं, धान पाह्यलं, बकऱ्या पाह्यल्या, पोरीले, दिव्यानीले, लहानाची मोठी करून राजुऱ्याले दिली. घरामागची सांदवाडी तिच्या हातची. वाल, भेंडी, कोहळा, जे लावलं ते आलं. पण वाडीच्या पार टोकाले संडास, आन् त्याच्यामागं नाला आन् जंगल. अंधार पडला की मैनाबाई निघे: बगलेत टॉर्च, एका हातात जर्मनचं ताट, दुसऱ्या हातात उलथनं. ठण् ठण् वाजवत जाये, ठण् ठण् वाजवत येये. अस्वल-गिस्वल असलं तं पळावं म्हणून. मी त्या आवाजावर चुलीवरचा भात उतरवत होती.

पोळा झाला, आन् एका सांजेले बिबट संडासाच्या टिनावर बसलेला! मैनाबाईनं हातातलं ताट त्याच्यावर भिरकावलं आन् बोंबलत माह्या घरात शिरली. बिबट ताटाले भेऊन पळाला, असं गाव हसत हसत सांगते. मैनाबाई मात्र त्या रात्री जेवली नाई, दुसऱ्या दिवशीही नाई.

तिसऱ्या दिवशी नवऱ्यापुढं उभी राह्यली. "अजी, दसऱ्यापर्यंत उजेड लावा. नाई तं मी दिव्यानीकडे चालली. वाडी सोडाले जीव होत नाई माहा, पण मले आता लई भेव वाटते."

"बस्स, इतकंच?" मुखरूभाऊ म्हणाला. "असा उजेड लावतो का पाहातच राहशील."

झालं. दुसऱ्या दिवशीपासून आंगणात चुन्याच्या रेघा. इथी फोकस, तिथी फोकस. मले रस्त्यावर उभं केलं. "चंदा, तू पब्लिक. सांग, घर कसं दिसून राह्यलं?" आता बाप्पा, मी धान निंदाले जाऊ का पब्लिक होऊ? पण शेजारधर्म म्हणून उभी राह्यली. तुळशीवर लाल, सीताफळावर हिरवा, ओसरीवर दोन पिवळे. मी म्हटलं, "भाऊ, बिबट मागून आला होता. मागं काय लावून राह्यले?"

"त्याचंच तर डोकं लावलं आहे," म्हणे. आन् एका उंच बांबूवर फिरता फोकस बांधला, त्याची दोरी समोर ओसरीत, आपल्या बाजेपाशी. बोर्डही तिथंच. सारे बटन त्याच्या हाताखाली. मैनाबाई एकदा म्हणाली, का एखादं बटन रांधणीखोलीत द्या. तर हा म्हणतो, "हिरोइन कधी स्वतः लाइट लावते का?" तिले खरंच वाटलं होतं, का माणूस इतका राबून राह्यला तं चांगलंच होईल.

दसऱ्याच्या आधी, दिवेलागणीले, सारे लाइट लागले. अवो माय, काय ते आंगण! पंधरा-वीस जणं बसाले बोऱ्या घेऊन आले. गावातला धनराज तर पोराले खांद्यावर घेऊन आला आन् विचारते, "भाऊ, खेळ कोणता हाय?" मुखरूभाऊची छाती फुगली. "बसा, बसा," म्हणे.

तेवढ्यात मैनाबाई मागच्या दारातून निघाली. ताट घेतलं नव्हतं, उजेड आहे म्हणून. मुखरूभाऊनं दोरी ओढली. फोकस गर्रकन फिरला आन् बरोब्बर तिच्यावर! ती चालली तसा फोकस चालला. ती थांबली, फोकस थांबला. घराच्या बाजूनं साऱ्याईले दिसत होतं. कोणी शिटी मारली, कोणी टाळ्या वाजवल्या. मैनाबाईच्या डोळ्यात लख्ख उजेड, पायाखालचं काही दिसेना. कोहळ्याच्या वेलात पाय अडकला आन् बाई धपकन आडवी.

माह्या मस्तकात गेलं. मी जाऊन वायरच उपटली. "निघा सारे! खेळ नाई, काई नाई!"

मैनाबाई आत आली. खरचटलेल्या गुडघ्यानं पेटी काढली आन् लुगडी भरू लागली. मुखरूभाऊ दारात उभा. "मैना, मी तर तुयासाठी..."

"माह्यासाठी?" ती रडत होती आन् बोलत होती. "तीस वर्षं दुसऱ्या बायाईवर उजेड टाकला, तवा मी अंधारात ताट वाजवत होती. आता माह्यावर टाकला, आन् साऱ्या गावाले माहा संडासाचा रस्ता दाखवला. अजी, एकदा तरी त्या वाटेनं जाऊन पाहा!"

आता खरं सांगते, हा माणूस त्या वाटेनं दिवस बुडाल्यावर कधी गेलाच नव्हता. घरी असला तर बापेमाणसाईसंग रस्त्यानं तलावाकडे जाये. पण बायकोची भरलेली पेटी पाह्यली आन् निघाला. टॉर्च नाई, काई नाई.

मी कुंपणापाशी. दहा पावलं ठीक गेला. मग नाल्याकडे काहीतरी खसफसलं. मुखरूभाऊ थांबला. खोकला. आन् एकदम, "मैनाऽऽ! चंदाऽऽ! बिबट!" असा ओरडला का माह्या म्हशीनं दावं तोडलं. टॉर्च मारून पाह्यलं, तर भाऊ वालाच्या मांडवाले मिठी मारून उभा, आन् समोर आमचीच काळी बकरी भेंडी खाऊन राह्यली. मी हसू दाबून दाबून मेली. पण मुखरूभाऊ हसला नाई. घरात आला आन् मैनाबाईच्या पेटीपाशी खाली बसला.

"मैना," म्हणाला, "हे तू रोज करत होती?"

"मग काय कंपनी करत होती?"

दुसऱ्या दिवशी सारे फोकस खाली उतरले. लाल गेला, हिरवा गेला, बांबू गेला. वाटेच्या कडेनं गुडघ्याइतके खुंट ठोकले, त्याच्यावर साधे बल्ब, आन् वर रिकाम्या तेलाच्या पिप्याचे टिन कापून टोपणं, का उजेड डोळ्यात नाई, पायाखाली पडावा. एक मोठा दिवा संडासाच्या मागं, नाल्याकडे तोंड करून. आन् बटन मागच्या दारापाशी, मैनाबाईच्या हाताच्या उंचीवर. तिले उभं करून, हात लावून पाहून, मगच पेन्सिलीनं खूण केली.

दसऱ्याची सांज. मुखरूभाऊ ओसरीत बाजेवर बसलेला. समोर अंधार. हाताखाली एकही बटन नाई, म्हणून हात कुठी ठेवावे त्याले कळेना. मी भात चुलीवर ठेवून ताटाच्या आवाजाची वाट पाहून राह्यली. मागं बटन खट्ट वाजलं. बराच वेळ गेला. ताटाचा आवाज काई आला नाई.

"चंदा," मुखरूभाऊ ओरडला, "ताट काऊन नाई वाजलं वो?" आन् उत्तर न ऐकताच कंबर धरून मागं धावला.

मीही कुंपणापाशी धावली. पाहाते तं मैनाबाई वाटेच्या मधात निवांत उभी, उजेडात वालाच्या शेंगा तोडून राह्यली. पदरात ओटीभर शेंगा.

"अजी, काऊन धावत आले?"

"ताट नाई वाजलं..."

"आता कायले वाजवू?" ती म्हणाली. "आले तसे टोपलं घेऊन या. ओटी भरली माही."

मुखरूभाऊ टोपलं घेऊन आला आन् धरून उभा राह्यला. माहा भात त्या दिवशी चुलीवरच राहून गिचका झाला.