शंभर टक्के गाव

डोक्यावर हंडा घेऊन टेकाड चढणारी एक बाई मला पाहून थांबली. "साहेब, आमच्या घरी नळ कधी येणार?"

नळजोडणीचा अहवाल मीच करतो. चाळीस घरं, छत्तीस ‘पूर्ण’, आणि टेकाडावर पाणी चढत नाही म्हणून चार ‘रद्द’. टक्केवारी नव्वदवर अडली होती. वरिष्ठ म्हणाले, "रद्द झालेली घरं एकूणात कशाला धरता?" मी सूत्र बदललं. छत्तीस भागिले छत्तीस. स्क्रीनवरची पट्टी हिरवीगार झाली आणि, खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं.

"येईल," मी बाईला म्हणालो. ती हसली आणि हंडा सावरत वर निघाली. तिला वाटतंय, तिचं घर तेवढं राहिलंय. मी तर ते गावातूनच वजा करून बसलोय.