गणितासाठी लावलेले दोन कौल

आमच्या निडी गावात त्या वर्षी भाताच्या लावणीइतकीच चर्चा माझ्या गणिताची झाली. मी दहावी पास होऊन रोह्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला नाव घातलं होतं. डॉक्टर व्हायचं हे तर मी चौथीतच जाहीर करून बसले होते, त्यामुळे जीवशास्त्र घ्यायचं यात वाद नव्हता. वाद गणिताचा होता. डॉक्टरकीच्या प्रवेशाला गणिताचे मार्क धरत नसत. ज्याला हवं त्याने गणित ठेवावं, नको त्याने त्याच्या जागी भूगोल घ्यावा, आणि मन बदललंच तर गणपतीच्या सुट्टीच्या आत ऑफिसात येऊन सांगावं, असा कॉलेजचा साधासुधा नियम होता. पण साध्या नियमाने भागलं तर ती आमची माणसं कसली.

मला गणित सोडायचं होतं. मी त्यात कच्ची होते अशातला भाग नाही, पण अकरावीचं पुस्तक उघडलं तर आत आकडे कमी आणि अक्षरंच जास्त. शिवाय गणिताचा तास शेवटचा. तो केला की परतीची गाडी चुकायची आणि मग एसटीची वाट बघत रोह्याच्या स्टँडवर ताटकळत बसायचं. भूगोलवाल्या मैत्रिणी तेवढ्यात घरी जाऊन, जेवून, एक झोप काढून उठलेल्या असत. दुसऱ्या दिवशी त्यांचे ताजेतवाने चेहरे बघून माझा जळफळाट व्हायचा.

आई माझ्या बाजूने होती. तिचा सगळा भरवसा पेणच्या डॉक्टरीणबाईंवर. लहानपणी मला ताप आला की जवळचा दवाखाना सोडून आई मला पेणला न्यायची, कारण त्या बाई तिला "बसा हो" म्हणायच्या. आईला तोवर कुठल्याही ऑफिसात कुणी बसा म्हटलं नव्हतं. माझं डॉक्टर व्हायचं वेडही त्यांच्याच दवाखान्यातल्या बाकावर सुरू झालं. तर आई मुद्दाम पेणला गेली, काही होत नसताना नंबर लावून आत गेली आणि गणिताचं विचारून आली. बाई म्हणाल्या, मीही सोडलं होतं, काही अडलं नाही. एवढं आलेच आहे तर म्हणून आई तिथून पुढे हमरापूरला मावशीकडे गेली. मावशीच्या घरी गणपती रंगवायची घाई चाललेली आणि मूर्ती ठरवायला येणाऱ्यांची रीघ. त्यामुळे माझं गणित निम्म्या तालुक्यात पोचलं.

बाबा आमचे भात आणि वाल पिकवणारे, मितभाषी. त्यांचं म्हणणं एवढंच, "राहू दे ना गणित." का, ते सांगायचे नाहीत. पण माझा काका रोह्याला कंपनीत होता आणि तो शिफ्टवरून आला की मोकळेपणाने सांगायचा, डॉक्टर नाय तर नाय, गणित असलं तर इंजिनियर तरी होशील. बाबांच्याही मनात तेच असणार, असं मी धरून चालले. म्हणजे माझ्या बापालाच खात्री नाही की मी डॉक्टर होईन! ते मला फार लागलं. मी बाबांशी बोलणंच तोडलं. ताट वाढलं की जेवायची, हाक मारली की ओ द्यायची, बाकी तोंडाला कुलूप. बाबांना बहुधा घर जरा शांत झाल्यासारखं वाटलं असेल, कारण त्यांनी काही विचारलं नाही.

शेवटी सुट्टी जवळ आली तशी आईने गावदेवीला कौल लावला. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीला हा रस्ता असतोच. गुरव देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना एकेक फूल ओलं करून चिकटवतो, आपल्या वतीने गाऱ्हाणं घालतो आणि सगळे फुलांकडे डोळे लावून बसतात. उजवीकडचं पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. आई हसतच घरी आली. देवीने उजवा दिला होता, गणित सोडा. मी मनातल्या मनात भूगोलाचं पुस्तकही आणलं.

बाबांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेतावरून येताना ते हातपाय धुऊन परस्पर देवळात गेले आणि घरी येऊन पायरीवर टेकत म्हणाले, "मला पण उजवा दिला."

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. एका गोष्टीला दोन कौल लावत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. आता देवीने आईला सोड म्हटलं आणि बाबांना ठेव म्हटलं, तर देवीची अब्रू काय राहिली? आईने तव्यावरची भाकरी करपू दिली आणि बाबांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले. तिसऱ्या तटाचं म्हणणं पडलं की गुरवालाच फूल नीट लावता येत नाही. ते गुरवकाकांच्या कानावर गेलं आणि त्यांनी आम्हा तिघांना बोलावणं धाडलं.

आम्ही गेलो तेव्हा ते देवळामागे म्हैस पिळायच्या तयारीत होते. रिकामी चरवी हातात धरूनच त्यांनी आम्हाला सभामंडपात बसवलं आणि आधी आईला विचारलं, गाऱ्हाणं काय घातलं होतं. आईने सांगितलं, गणित सोडलं तर पोरीचं भलं होईल का.

"सोडलं तर भलं होल म्हणाली देवी," गुरवकाका म्हणाले. "ठेवलं तर वाईट होल असं कुठं म्हणाली?"

मग त्यांनी बाबांकडे मोर्चा वळवला. बाबा पायांकडे बघत म्हणाले, विचारलं ना, उजवा दिला. काय विचारलं, या प्रश्नाला मात्र ते उत्तर देईनात. तेव्हा गुरवकाका माझ्याकडे वळले.

"तुझ्या बापाने गणिताचं नाव पण काढलं नाय गो. माझी पोरगी डाक्टर होल ना, येवढंच इचारलान."

आईने तिथल्या तिथे बाबांना फैलावर घेतलं, घरी का नाही सांगितलं म्हणून. बाबा म्हणाले, तू सांगू दिलंस कुठं, उजवा म्हटल्याबरोबर तोंड सुटलं तुझं. ते खरंच होतं. पण माझा राग अजून गेला नव्हता. देवळातच मी मौन सोडलं आणि त्यांना विचारलं, देवीने डॉक्टर होईन म्हणून सांगितलंय, तर मग गणित कशाला ठेवायला सांगता?

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"डाक्टर तर तू होणारच हायस. मग गणिताला काय भ्यायचं? शिकवतात तर शिकून घे. मला शिकायचं होतं, पण पुढं कोणी घातलं नाय."

मला रडू आलं आणि रडता रडता हसूही आलं. ज्याला मी अविश्वास समजून इतके दिवस फुगून बसले होते, तो भरवसा होता, आणि तोही इतका की त्यांना माझी काळजीच वाटत नव्हती. मी डॉक्टर होणार हे त्यांच्या लेखी ठरलेलंच. गणित हा वर मिळणारा मेवा, तो मी का टाकते आहे हे त्यांना समजत नव्हतं. गुरवकाका म्हणाले, मिटलं ना, मग उठा, माझी म्हैस तटून राहिलीय.

गणपतीची सुट्टी लागली आणि मी ऑफिसात फिरकलेही नाही. गणित राहिलं. पहिल्या चाचणीत त्याने मला असं काही लोळवलं की मी पेपर दप्तराच्या तळाशी दडपून आणला. बाबांनी तो मागून घेतला, उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, "डाक्टरला येवढे पुष्कळ." बारावीत तर्काचा धडा लागला. सर जर-तरची विधानं फळ्यावर मांडत होते आणि मला चरवी घेऊन उभे असलेले गुरवकाका दिसत होते. त्या एका धड्यात मी कधी मार खाल्ला नाही. रोह्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत मी पुष्कळ गणितं सोडवली, आणि त्यातली काही चक्क आवडायलाही लागली.

मेडिकलला माझा नंबर लागल्याचं कळलं त्या दिवशी आई रडली, काकाने कंपनीत पेढे वाटले, मावशी हातावरचा रंगही न धुता हमरापूरहून आली. बाबा भाताची लावणी आटपून तिन्हीसांजेला घरी आले. मी धावत जाऊन त्यांना बातमी सांगितली आणि पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण चेहऱ्यावर काही विशेष दिसेना. मला वाटलं, ऐकलं नाही की काय. मी परत सांगितलं.

"ऐकलं गो," ते म्हणाले. "ते तर व्हायचंच होतं. तुझा निकाल लागला तेव्हापासून इचारीन म्हणतोय, गणितात किती पडले?"

मी सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी आईकडे पेढा मागितला.