यादीबाहेरचं पान

दादाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका हातात आली तेव्हा मी आधी तारीख पाहिली नाही, नावं पाहिली. आमच्याकडं सगळेच तसं करतात आणि सगळेच नाही म्हणून सांगतात. काका म्हणून नागपूरच्या त्या चुलतभावाचं नाव होतं, जो फक्त पंगतीपुरता उगवतो. मामांची नावं चार होती. वहिनीच्या मावसभावाचंही होतं, ज्याला मी आयुष्यात दोनदा पाहिलं असेन. मुलीचा सख्खा काका एकच, तो मी, आणि माझं नाव कुठंच नव्हतं. अगदी खाली बारीक अक्षरात ‘व समस्त परिवार’ असं छापलं होतं. मी पत्रिका उलटी करून मागची बाजूही पाहिली.

कारण मला ठाऊक होतं. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी मुलाकडचे आपल्या संत्र्याच्या बगिच्याचं फार कौतुक सांगत होते, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो की तो बगिचा मी पाहिलाय, त्यातली निम्मी झाडं वाळलीत. ते खरं होतं. खरं असलं तरी बोलायची ती जागा नव्हती, एवढं मी आता मान्य करतो, तेही कुणी खोदून विचारलं तर. त्यासाठी दादानं मला चार शब्द सुनवायचे होते. माझ्या दारात येऊन शिव्या घातल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. त्यानं छापखान्यात जाऊन माझं नाव गाळलं, पहिली पत्रिका जामसांवलीच्या हनुमानापुढं ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी वहिनीला घेऊन हसतमुखानं माझ्याकडं आमंत्रणाला आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना चहा पाजला.

लग्नाला मी गेलो. पांढुर्ण्याच्या लॉनवर अक्षता टाकल्या, जेवलो, परत आलो. पत्रिकेबद्दल एक अक्षर बोललो नाही. आमच्या घरात भांडणं अशीच होतात, तोंडानं भांडणारा तो कच्चा समजला जातो.

आमची नर्सरी वडिलांची. सौंसरकडून पांढुर्ण्याला जाताना रस्त्यालगत त्यांनी संत्र्याची कलमं करायला सुरुवात केली आणि नाव कमावलं. वाटणीत जमिनीचे दोन तुकडे झाले, नर्सरीचं नाव मात्र दोघांनी तेच ठेवलं, कारण गिऱ्हाईक त्या नावावर यायचं. मधे एक धुरा, म्हणजे बांध, सौंसरच्या बाजूला त्याचे वाफे, पुढं माझे. दोघं एकच काम करायचो, जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, बांधायचा. पण दादाचा हात निराळाच. त्यानं बांधलेले डोळे शंभरातले फार तर दोन-चार वाया जायचे. माझे किती जायचे ते मी कुणाला सांगत नसे. आमच्या शेतावर आलेला माणूस दोन्हीकडची कलमं बघायचा आणि बहुतेक वेळा दादाची घ्यायचा. याचाही राग माझ्या मनात होता, पत्रिकेच्या कितीतरी आधीपासून होता. आता लिहायलाच बसलोय तर तोही सांगून टाकतो.

माझ्याकडं एकच गोष्ट अशी होती जी दादाला येत नव्हती. मी काही वर्षं बोरगावच्या एका कारखान्यात कम्प्युटरवर बसायचो. ती नोकरी सुटली, पण शिकलेलं राहिलं. वरुड-मोर्शीचे, राजस्थानातले तरुण शेतकरी आता जीप घेऊन गावोगाव कलमं शोधत फिरत नाहीत, आधी मोबाइलवर शोधतात. म्हणून आमचं दोघांचं बरं चाललं होतं त्या दिवसांत मी नर्सरीची वेबसाइट केली होती. त्यात कलमांचे प्रकार, लागवड कशी करायची, येण्याचा रस्ता, आणि शेवटी दोन पानं: एक माझं, एक दादाचं. ज्याच्या त्याच्या पानावर ज्याचा त्याचा फोन नंबर. ती साइट जिथं फुकटात ठेवली होती ती सेवा नेमकी लग्नानंतर दोन महिन्यांनी बंद पडली. नवा पत्ता घेऊन मी साइट पुन्हा उभी केली.

नव्या पत्त्याला सर्च इंजिन ओळखत नसतं. त्याला आपणच जाऊन सांगावं लागतं. आधी साइट आपलीच आहे हे पटवून द्यायचं, मग साइटमॅप द्यायचा. साइटमॅप म्हणतात, पण ती असते नुसती यादी. साइटवर कोणकोणती पानं आहेत त्यांचे पत्ते एकाखाली एक लिहिलेले असतात. सर्च इंजिन ती यादी घेतं, एकेका पानावर जाऊन येतं, आणि मग कुणी ‘संत्रा कलम’ असं शोधलं की त्यातलं एखादं पान पुढं करतं.

एप्रिलची दुपार होती. कूलर चालू होता. यादी आपोआप तयार झाली, सहा ओळींची. मी ती वाचली. पाचवी ओळ माझ्या पानाची, सहावी दादाच्या. मी सहावी ओळ खोडली.

घाईत झालं असं मी म्हणणार नाही. यादीतून नाव काढून भागत नाही हे मला माहीत होतं. दुसऱ्या पानावरून वाट असली तर सर्च इंजिन त्या वाटेनं जाऊन पान शोधून काढतंच. म्हणून मी दादाच्या पानाच्या आत, वरून दिसत नाही अशा जागी, एक ओळ लिहिली. तिचा अर्थ एवढाच की हे पान कुणाला दाखवू नकोस. पहिल्या पानावरची दादाच्या नावाची लिंक मात्र तशीच ठेवली, कारण तो तीच उघडून बघणार हे मला ठाऊक होतं. त्याच्या मोबाइलवर त्याचं पान उघडणार, त्याचा फोटो, त्याची कलमं, त्याचा नंबर, सगळं जागच्या जागी. जगात इतर कुणी शोधलं तर पुढं येणार माझंच पान. मग मी ‘सबमिट’ दाबलं. थोड्या वेळानं तिथं हिरव्या अक्षरात ‘यशस्वी’ असं आलं. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं आणि मी त्याची लाज वाटून घ्यायला तयार नाही, निदान त्या दुपारपुरती तरी.

बायकोला मी ते स्वतःच सांगितलं, फुशारकीनं.

जूनमध्ये फोन सुरू झाले. माझी कलमं आदल्या वर्षीपेक्षा भराभर जाऊ लागली. दादाला जुनी गिऱ्हाईकं आणि पहिल्या पानावरून चुकूनमाकून पोचलेले दोन-चार लोक एवढेच फोन येत असावेत, आणि तेवढ्यामुळं त्याला संशयही आला नाही. जुलैत एका सकाळी तो धुरा ओलांडून माझ्याकडं आला. लग्नानंतर पहिल्यांदाच. खाटेवर बसला आणि खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढं धरला.

“पान तं दिसून राह्यलं,” तो म्हणाला. “मंग फोन काउन नाही येऊन राह्यले?”

“नवी साइट हाय दादा. त्याइले ओळख पटाले टाइम लागते.”

“तुले येऊन राह्यले नं पण.”

मी म्हणालो की ते सगळं मशिनीच्या मर्जीवर असतं, आपल्या हातात काही नसतं. असं खोटं बोलायला अक्कल लागत नाही, समोरच्याला त्यातलं काही कळत नसलं की झालं. दादानं मान हलवली, मोबाइल खिशात ठेवला, माझे वाफे बघत थोडा वेळ बसला आणि गेला. जाताना त्यानं सांगितलं की कडेच्या वाफ्यात पाणी साचतंय, मुळं सडतील. ते बरोबर होतं, त्यामुळं मला आणखीच राग आला.

तो गेल्यावर बायको आतून बाहेर आली. तिची दोन्ही बाळंतपणं वहिनीनं केली होती.

“तुमचं भांडण माणसाशी हाय नं,” ती म्हणाली, “मंग तोंडानं भांडा. कलमाइच्या मुळावर काउन उठले?”

मी तिला गप्प बसवलं. पत्रिकेत नाव तिचं गाळलं नव्हतं, माझं गाळलं होतं, असं काहीतरी बोललो. त्यावर ती म्हणाली की तिचंही नव्हतं. हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ते वर्ष गेलं. दादाची निम्मी कलमं वाफ्यातच उभी राहिली. कलमांचं असं असतं की वेळेत गेली नाहीत तर ती उंच वाढतात, खाली मुळं गुंततात, मग ती कुणी घेत नाही. दुसऱ्या वर्षी त्यानं थोडीच बांधली, तीही उरली. मी रोज सकाळी धुऱ्यावरून बघायचो. मनातल्या मनात मी एक दिवस ठरवून ठेवला होता: दादा येईल, पत्रिकेचं बोलेल, मी चुकलो म्हणेल, आणि त्या दिवशी मी ती ओळ काढून टाकीन. तो येत नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते आम्हा दोघांकडं बघूनच म्हणत असावेत.

मग एका सकाळी धुऱ्यापलीकडं चार बाया आणि दादा कलमं उपटताना दिसले. मुळासकट उपटायची आणि बांधाला ढीग घालायचा. वडिलांच्या वेळेपासून ज्या जागी वाफे होते तिथं दुपारपर्यंत नुसती माती राहिली. मी धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो. काय करून राहिलास, असं विचारलं. पऱ्हाटी लावतो, एवढं म्हणून तो पुन्हा वाकला.

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मला संताप आला. मला त्याला हरवायचं होतं, आणि तो सरळ खेळातूनच उठून गेला. त्याच्यासारखा डोळा बांधणारा माणूस या पट्ट्यात दुसरा नव्हता, आणि तो कापूस लावणार होता, कुणीही लावतो तसा. घरी येऊन मी कम्प्युटर लावला. दादाच्या पानातली ती ओळ काढली. यादीत त्याचं पान घातलं, माझ्या वर घातलं, जणू त्यानं काही फरक पडतो. पुन्हा सबमिट केलं. पुन्हा हिरव्या अक्षरात ‘यशस्वी’ आलं.

दादाचं पान महिन्याभरात वर आलं आणि माझ्या पुढं गेलं. त्यावर त्याच्या हाताचे जवळून काढलेले फोटो होते, चाकू, साल, डोळा, वर बांधलेली पट्टी. मीच काढले होते ते. लोक ते बघून त्याला फोन करू लागले. आणि माझा फोन वाजू लागला.

पहिला फोन राजस्थानचा होता. “बडे भैया ने आपका नंबर दिया,” तो म्हणाला. “कहा, मेरे पास अब नहीं है, छोटे के पास अच्छे हैं.” मी म्हणालो, हो, आहेत. दुसरा वरुडचा होता, त्यानंही तेच सांगितलं. मग रोज एखादा येऊ लागला. दर फोनची सुरुवात तशीच, तुमच्या मोठ्या भावानं नंबर दिला. चांगले आहेत म्हणाला. माझी कलमं चांगली आहेत असं दादा तोंडावर कधी म्हणाला नव्हता. त्या वर्षी माझ्याकडं एक कलम उरलं नाही, आणि मी एकही दिवस नीट जेवलो नाही. दर फोन कानफटात बसायचा. शेवटी न राहवून मी त्याच्याकडं गेलो.

तो विहिरीपाशी बसून फवारणीच्या पंपाचं तोंड साफ करत होता. मी उभ्याउभ्याच बोललो.

“दादा, तुह्यं पान काढून टाकू का साइटवरून? कलमं नाही तं फोन कायले पायजे?”

त्यानं पंपाचं तोंड फुंकून पाहिलं. सुईनं पुन्हा टोकरलं.

“काढाचं तं काढ,” तो म्हणाला. “तुले येते ते.”

तो पंपाकडंच बघत होता.

“पोरगी आली होती पहिल्या दिवाळीले,” तो म्हणाला. “कम्प्युटरवर पान खोलून तिनं दाखोली होती मले ते लपोलेली ओळ. म्हणे, बाबा, काकाले आत्ताच फोन लावतो. मी म्हटलं, नोको लावू.”

लग्नानंतरच्या त्या पहिल्या दिवाळीला त्याची निम्मी कलमं वाफ्यात उभी होती. नंतरचा अख्खा हंगाम पुढं होता. एका फोननं ती विकली गेली असती, तो फोन त्यानं लावू दिला नाही, आणि मग सगळी उपटली. शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या, त्यासाठी माझी तयारी दोन वर्षं चालली होती. त्यानं साफ केलेलं तोंड पंपाला बसवलं, हिसका देऊन पाहिलं, आणि मला विचारलं की चहा घेतोस का. मी नको म्हणून परत आलो.

त्याचं पान मी काढलेलं नाही. फोन येतात. तुमच्या मोठ्या भावानं नंबर दिला, असं ते सांगतात, मी हो म्हणतो, आणि ते येण्याचा रस्ता विचारतात. मी सांगतो की सौंसरकडून आलात तर आधी पऱ्हाटीचं वावर लागेल, ते दादाचं, त्याच्या पुढं माझं.