विमानाच्या दाराला महाडचा बांध

चहा संपेपर्यंत हसायचं नाही, एवढं कबूल करा. मगच सांगतो माझी अक्कल कुठे सांडली ते.

मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला. महाडात काकांच्या शटर-ग्रिलच्या कारखान्यात वेल्डिंग करायचो. पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या माळावर, मुंबईच्या एका शेठने स्वतःच्या छोट्या विमानासाठी हँगर बांधला. म्हणजे विमानाचा गोठाच! त्याच्या दाराचं काम आमच्याकडे आलं.

काका म्हणाले, "दार तू निवड. जमलं तर कारखाना तुझ्या हातात. नायतर मुकाट्यानं मामाकडे, मुंबईच्या गोदामात."

मुंबई! नाव काढलं तरी अंगाला खाज सुटते माझ्या. झोपच उडाली.

काकांना हवं होतं गुंडाळायचं शटर. जन्मभर दुसरं केलंय काय? एवढं रुंद शटर माळावरच्या वाऱ्यात पापडासारखं मोडलं असतं. सरकतं दार घ्यावं, तर रुळात चिखल बसणार. शेवटी मी ठरवलं, अख्खं दार एका तुकड्यात वर उचलायचं, हायड्रॉलिकवर!

"आणि उंबरठा?" काका.

"काका, विमान येणार हाय आत. नवी नवरी नाय!"

"बिनउंबरठ्याच्या दारात लक्ष्मी थांबत नाय रे."

"शेठची लक्ष्मी उडत येते!"

सगळे कामगार खदाखदा हसले. काका रुसले ते माळावर फिरकलेच नाहीत. बरंच झालं! म्हाताऱ्यांची कटकट गेली की कामं होतात, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

आता मी पडलो महाडचा. सावित्री नदीच्या पुराचं पाणी दुकानात शिरताना बघत वाढलेला. आमच्याकडे दार बसवलं की खाली पाणी अडवायला काँक्रीटचा बांध घालायचाच. हात आपोआप चालतात! घातला. चांगला गुडघाभर. वर रबराची पट्टी. कामगारही सगळे महाडचेच, एकालाही काही खटकलं नाही.

डोंगरमाथ्यावर पूर कुठून येणार हो? सावित्री तिथवर चढली तर विमान वाचवायला माणूस तरी उरेल का?

उद्घाटनाला शेठ आले, काकाही आले. नारळ फुटला. मी बटण दाबलं. दार डौलात वर गेलं. टाळ्या! शेठच्या माणसांनी विमान ढकलत आणलं… आणि चाक बांधाला टेकून थांबलं.

"ये क्या है?" शेठ.

"पुराचं पाणी… अडवायला," मी.

शेठने खाली दरीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

काकांनी शांतपणे खिशातून हळदीकुंकवाची पुडी काढली, वाकले आणि माझ्या बांधावर बोटं ओढली.

"ऐकलंस रे शेवटी म्हाताऱ्याचं! पण एवढा उंच उंबरठा? नवरीसुद्धा आपटली असती."

मग शेठकडे वळून म्हणाले, "विमान बाहेरच हाय, तर ह्याला मुंबईला सोडा की. तसाही तिकडंच निघालाय."

विमानात जागा नव्हती. मुंबईची गाडी पकडायला वीर स्टेशनला रिक्षाने गेलो.