गॅरंटीतला उजेड

किराणा दुकानात गिऱ्हाईक सामान घेऊन जातं आणि विषय संपतो. इलेक्ट्रिकच्या दुकानाचं तसं नाही. आमच्याकडे निम्मी माणसं सामान परत करायला येतात आणि सोबत एक गोष्ट घेऊन येतात. बल्ब बदलून दिला की माणूस जातो, गोष्ट आपल्याजवळ राहते. लकडगंजच्या मागच्या गल्लीत, लाकडाच्या वखारींच्या ओळीत माझं दुकान आहे. गल्लीनं जुने पिवळे बल्ब काढून एलईडी लावायला घेतले, त्या काळात माझ्याकडे इतक्या गोष्टी साचल्या की माल ठेवायला माळ्यावर जागा नाही!

संध्याकाळी दुकानासमोरच्या बाकावर तिघं ठरलेले. वाघमारे सर, शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून रिटायर झालेले. झाडे सेठ, मिरचीचे ठोक व्यापारी. आणि मनोहरदादा, टेलर. दादा शेरवानीला हातानं काज करायचे. मोठमोठ्या दुकानांतल्या शेरवान्या फक्त काजांसाठी त्यांच्या घरी यायच्या. तिघंही माझ्यापेक्षा मोठे, म्हणून बाकावर बोलायचे ते आणि चहा सांगायचा मी.

*

सुरुवात झिरोच्या बल्बपासून झाली. झोपताना लावायच्या मिणमिणत्या बल्बला आमच्याकडे झिरोचा बल्ब म्हणतात. गल्लीत घरोघरी तो भरदिवसाही चालू. का, तर झिरोच तर आहे, बिल येतंय कुठे!

सरांना हे सहन होईना. एका संध्याकाळी बाकावरून उठून त्यांनी सगळ्यांचा क्लासच घेतला. “अरे, नाव झिरो आहे त्याचं! खातो पंधरा वॅट! त्याच्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी लावा.”

दादांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “सर, माह्या पोराले गणितात झिरो देल्ला होता तुमी. तवा काहून नाही सांगतलं, का झिरोत पंधरा असते म्हून?”

सर तडक घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून अर्ध्या वॅटचा बल्ब विकत घेतला आणि स्वतः दादांच्या घरी जाऊन लावून आले. त्यांची दोस्ती ही अशी होती.

*

झाडे सेठच्या आईचा त्रास वेगळाच. घरात ट्यूबलाइट होती तोवर बरं चाललं होतं. दिवेलागणीला बटन दाबायचं, ट्यूब दोनचार वेळा फडफडायची, तेवढ्यात आजी पदर सावरून हात जोडायच्या आणि मग लख्ख उजेड. एलईडी लावला आणि सगळं बिघडलं. बटन दाबलं की उजेड हजर!

“हा लाइट लय घाईचा हाये,” आजी मला म्हणाल्या. “हात जोडू देत नाही.”

मी म्हटलं, “आजी, आधी हात जोडा, मग बटन दाबा.”

“हात जोडले तं बटन काय नाकानं दाबू?”

शेवटी तोड निघाली. आता रोज दिवेलागणीला बटन आजी दाबतात आणि हात झाडे सेठ जोडतात. मिरचीच्या बाजारात दलालापुढे कधी मान न तुकवणारा माणूस घरी भिंतीसमोर हात जोडून उभा! हमाल बघून आले आणि बाजारभर सांगत सुटले. सेठनं कोणाला काही म्हटलं नाही. आई आहे तोवर जोडणार, एवढंच मला सांगितलं.

*

त्याच सेठनं पुढे माझ्या दुकानात येऊन आरडाओरडा केला. बाजारातल्या गाळ्यात मी त्यांना चांगले पांढरे, झगझगीत एलईडी दिले होते. भिवापूरची लालभडक मिरची आली, बाहेरगावचा व्यापारी पाहायला आला. मूठभर मिरची उचलून त्यानं लाइटखाली धरली आणि टाकून दिली. “सेठजी, ये तो पुराना माल है.”

सेठचा चेहरा पडला. मिरची तर कालच उतरलेली!

मी जाऊन पाहिलं. पांढऱ्या उजेडात मिरची खरंच मेल्यासारखी दिसत होती. सगळे बल्ब काढले आणि पिवळसर उजेडाचे एलईडी लावले. दुसऱ्या दिवशी तोच व्यापारी, तेच पोतं. “हाँ! अब दिखाया असली माल!”

पोती गेली तेव्हा सेठ म्हणाले, “पाप तुह्या बल्बात होतं गा, नाव माह्या मिरचीचं खराब झालं.” हा किस्सा बाकावर कितीतरी दिवस चालला. सर्वात जास्त हसायचे ते मनोहरदादा.

*

दादांची तक्रार मात्र संपत नव्हती. त्यांच्या घरची मधली खोली म्हणजे त्यांचं काम करायचं ठिकाण. खिडकी नाही, दुपारीही लाइट लावावा लागतो. तिथं मी नऊ वॅटचा एलईडी दिला होता. पावसाळा संपला आणि दादा बल्ब घेऊन आले.

“हा मरून राहिला गा. उजेड कमी झाला याचा. गॅरंटी हाये ना?”

एलईडीच्या मानेवर मी मार्करनं विकल्याची तारीख टाकतो. तारीख गॅरंटीत होती. काउंटरवरच्या होल्डरला लावून पाहिला, तर छान जळत होता. दादा डोळे बारीक करून बघत राहिले. “इथं तं बरा हाये. माह्या घरीच मरते.”

गॅरंटी म्हणजे गॅरंटी. मी बदलून दिला. मग बारा वॅटचा नेला. मग पंधराचा. दर वेळी दादा बल्ब परत आणायचे आणि दर वेळी तो माझ्या काउंटरवर छान जळायचा. मला वाटलं घरात व्होल्टेज कमी येत असेल. मीटर घेऊन गेलो, होल्डर तपासला, वायर तपासली. सगळं ठाकठीक होतं. जग विजेची बचत करायला एलईडी घेत होतं आणि हा माणूस दर वेळी मोठा बल्ब नेत होता!

“तुह्या कंपनीले सांग,” दादा म्हणाले, “उजेड पिकेपर्यंत थांबत जा. कच्चाच पाठवून राहिले.”

*

मध्ये सरांच्या घरचा प्रकार झाला. सरांचा जावई मौद्याच्या थर्मल वीज केंद्रात इंजिनियर. दिवाळीला लेक-जावई आले, तर सरांनी जावयाला खोलीखोलीतून फिरवलं. हा पाहा एलईडी, तो पाहा एलईडी, बिल निम्म्यावर आलं! जावई शांत स्वभावाचे, “वा, वा” म्हणत राहिले.

सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, मात्र घोर लागला. सकाळीच त्या माझ्या दुकानात. “शंभरचा जुना बल्ब हाये का तुह्यापाशी? पिवळा?”

“काहून काकू? सर रागावतीन!”

“त्यायले काय समजते! जावई बिचारे तिथं दिवसभर वीज बनवतेत, अन् हे त्यायच्या तोंडावर सांगून राहिले का आमी घेत नाही म्हून! त्यायच्या खोलीत तरी मोठा लाव बाप्पा.”

माझ्याकडे शंभरचा एक शेवटचा निघाला. दिवाळीभर जावयाच्या खोलीत तो जळला. गरम होतं म्हणून बिचारे रोज बाहेर ओसरीत झोपायचे, पण सासूबाईंचा मान त्यांनी मोडला नाही.

*

लग्नसराई सुरू झाली. एका दुपारी शोभावहिनी, म्हणजे मनोहरदादांच्या घरच्या, दुकानात आल्या. पिशवीतून त्यांनी एक शेरवानी काढली. मोतिया रंगाची, भारी. काज पाहून मी मान डोलावली. टाक्याला टाका लागून, एकसारखा.

“दोरा पाहा,” वहिनी म्हणाल्या.

दोरा गुलाबी होता. मोतिया शेरवानीला गुलाबी काज!

“तिसरी हाये ही,” त्या हळूच म्हणाल्या. “ते झोपले का मी उसवते अन् पुन्हा करते. कोणाले दाखवत नाही. आतापर्यंत निभलं. पण भाऊजी, तुमच्या बल्बात काही नाही जी. तुमी नका बदलून देऊ आता.”

एवढे दिवस माझ्या काउंटरवर बल्ब तपासला जात होता. मला फार वाईट वाटलं. नजर गेली तर हा माणूस करणार काय? बोटात एवढी कला आणि दुसरं काही येत नाही, कधी करायचीही गरज पडली नाही.

माझ्याकडून कळताच सरांनी दादांना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागची नस वाळते आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं सांभाळायची. एक डोळा तर संपल्यातच जमा होता. दुसऱ्याचा भरवसा त्यांनी दिला नाही.

त्या संध्याकाळी दादा बाकावर आले. झाडे सेठ उगाच चप्पल जमिनीवर घासत होते. मीच चहा सांगितला. दादांनी ग्लास दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, “तुहा बल्ब बरा होता गा. मालच पुराना होता.”

हसलं कोणीच नाही. सेठ उठून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले.

*

औषधं चालू राहिली. दादा नेमानं डोळ्यांत थेंब टाकत होते. शेरवान्या यायच्या थांबल्या. आधी बाकावर एकटे यायचे, मग वहिनी आणून सोडायला लागल्या, मग येणं बंद झालं. मी आणि सर अधूनमधून घरी जायचो. “थोडं थोडं दिसते,” दादा म्हणायचे. “लाइट लावला का समजते. मानूस आला का सावली पडते.” एवढं राहिलं तरी खूप, असं ते म्हणायचे आणि आम्हीही म्हणायचो.

उन्हाळ्यात त्यांनी निरोप पाठवला, “तुह्या दुकानातला सर्वात मोठा घेऊन ये.”

माझ्याकडे हॉलमध्ये लावतात तसा पन्नास वॅटचा एलईडी होता. तो घेऊन गेलो. मधल्या खोलीत दादा खुर्चीवर बसले होते. अंगात धुतलेला शर्ट, केस नीट विंचरलेले. वहिनींनी मला स्टूल दिलं. मी जुना बल्ब काढला, नवा लावला. दादांनी मान वर करून तोंड बरोबर होल्डरच्या दिशेनं धरलं होतं.

“झालं दादा,” मी म्हटलं.

“दाब वं बटन,” दादा वहिनींना म्हणाले.

वहिनींनी बटन दाबलं. खोली अशी उजळली की माझेच डोळे मिटले. कोपऱ्यातल्या मशीनवर साचलेली धूळसुद्धा दिसायला लागली.

दादा तसेच बसून होते, डोळे उघडे, तोंड वर.

“दाब ना वं!”

वहिनींचं बोट बटनावरच होतं. त्यांनी दादांकडे पाहिलं, मग स्टुलावर माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“दाबलं जी,” त्या म्हणाल्या. “पण लाइन गेली वाटते.”

“हो दादा,” मी म्हटलं. “पूर्ण गल्लीची वीज गेली.”

दादांच्या डोक्यावर पंखा फिरत होता. कपाळावरचे केस वाऱ्यानं हलत होते. त्यांनी वर धरलेलं तोंड खाली घेतलं.

मग म्हणाले, “असू दे. येईन लाइन. तू बस इकडं माह्यापाशी, उभी नको राहू.”