दारातला चर

आमच्या चाळीसमोरचा रस्ता खणायला घेतला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. माझं माहेर फणसवाडीचं. तिथे पाणी कमी येत असेल, पण पांढरं यायचं. लग्न होऊन लालबागला आले, तर इथे नळातून चहाच्या रंगाचं पाणी. सासूबाई ते फडक्याने गाळून घ्यायच्या आणि फडक्यावर उरलेला गंज मला दाखवून म्हणायच्या, "बघ, गोऱ्या सायबाची आठवण." जमिनीखालची बिडाची लाइन गोऱ्यांच्या काळातली, आतून पार सडलेली. ती काढून नवी टाकणार आणि वरचा रस्ताही नवा करून देणार, असं म्युनिसिपालिटीचा माणूस येऊन सांगून गेला. मी मनात म्हटलं, देव पावला. देव इतक्या घाईने पावतो तेव्हा जरा सावध राहावं, हे कळायचं माझं तेव्हा वय नव्हतं.

खणणारे आले आणि बघता बघता चाळीच्या पायरीलगत लांबच लांब चर पडला, पुरुषभर खोल. काढलेली माती एका बाजूला, रस्त्यासाठी आणलेली खडी दुसऱ्या बाजूला, डांबराची पिंपं नाक्यावर. जुनी लाइन गळकी, त्यामुळे चराच्या तळाशी कायम चिखल. त्यातून घुशी बाहेर निघाल्या आणि तळमजल्यावरच्या खोल्यांत भाडं भरल्यासारख्या राहायला आल्या. नव्या पाइपांचे सांधे भरायला शिसं वितळवायचे, त्याचा वास आमच्या भाताला लागायचा. मला त्या चराकडे बघवत नसे. सासूबाईंनी तर जाऊबाईंना कठड्याशी उभं राहायलाच बंदी केली होती. "उकरलेल्या जमिनीत बघू नको गो बाय, ह्या दिवसांत," म्हणायच्या.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. त्यांना आठवा लागला होता. याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा हाताला काही लागलं नव्हतं. या खेपेला पोट टिकलं होतं, आणि आमच्या दोन खोल्यांत सगळे जण त्या पोटाभोवतीच जगत होते. गिरणीतून आल्यावर भावोजी आधी त्यांच्याकडे बघायचे, मग चपला काढायचे. मी नवी, तिखट तोंडाची, भाकरी थापताना हात भाजून घेणारी. जाऊबाई मला कधी हसल्या नाहीत. हसल्या तरी तोंड फिरवून. त्यांना मूल व्हावं म्हणून मी कुठल्या कुठल्या देवांना काय काय बोलले होते, ते त्या देवांनाच माहीत.

जुनी लाइन तोडल्यावर चाळीतले नळ बंद झाले आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेला एक तात्पुरता नळ उभा केला. तिथे जायचं ते चरावर टाकलेल्या फळीवरून. फळी टाकायचं काम मुकादमाचं. हा माणूस म्हणजे शिव्यांची खाण. बिगाऱ्यांना शिव्या, पाइपांना शिव्या, आम्ही बायका पाणी कधी येणार म्हणून विचारलं तर आम्हाला नाही, पण आमच्या देखत आभाळाला शिव्या. पण रोज सकाळी फळी टाकली की तो स्वतः तिच्या मधोमध उभा राहून दोनचार उड्या मारायचा. मगच बाजूला होऊन आम्हाला हात करायचा. त्या उड्यांना पोरी खिदळायच्या.

पाण्याची ओढाताण इतकी, की जिची कळशी तिनेच भरायची, दुसरीसाठी भरायची नाही, असा नियम बायकांनीच केला. जाऊबाईंचं काय करायचं, हा प्रश्न आला. एका म्हातारीने त्यांची कळशी उचलून रांगेच्या तोंडाशी नेऊन ठेवली, आणि तेव्हापासून पहिला नंबर त्यांचा. पाणी आलं की जिन्यावरच्या बायका भिंतीला चिकटून त्यांना वाट करून द्यायच्या. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. चाळ असावी तर अशी.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा अश्रुधूर. काम सुरू व्हायचं आणि बंद पडायचं. कंत्राटदार तोंड दाखवेनासा झाला. रस्त्यावर पसरलेली खडी हळूहळू कमी व्हायला लागली आणि मोर्च्यातल्या पोरांच्या हातून ती कुठे जाते ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुरायचे पाइप चरात तसेच पडून होते, पोरांनी त्यांच्यावर डांबराने 'झालाच पाहिजे' लिहून ठेवलं होतं. चर बुजायचं नाव नाही. रोज सकाळी उठून कठड्यावरून बघावं तर तो तसाच आ वासून.

मग त्या चराचाही उपयोग निघाला. पोलीस मागे लागले की पोरं फळीवरून चाळीत शिरायची आणि शिरता शिरता फळी आत ओढून घ्यायची. पोलीस पलीकडे, पोरं अलीकडे, मधे चर. ही युक्ती भावोजींची. पोरं त्यांचं ऐकायची. रात्री जेवताना ते सांगायचे, "फळी आत घेतली की आपली चाळ म्हणजे किल्ला. ये म्हणावं आता." जाऊबाई वाढता वाढता कौतुकाने बघायच्या. आम्ही सगळेच हसायचो. सासूबाई तेवढ्या म्हणायच्या, "कोण पलीकडे ऱ्हवलो तर?"

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. नळाला पाणी आलं की जो कोणी आधी बघेल तो ओरडायचा, "आलं, आलं!" मग आम्ही हंडे-कळशा घेऊन खाली धावायचो. आणि पोलीस आले की नाक्यावरचं पोर ओरडायचं, "आले, आले!" मग दारं लावायची. एका हाकेला बाहेर पळायचं, दुसऱ्या हाकेला आत. लांबून, गोंगाटात, धापा टाकत ओरडणाऱ्या पोराच्या तोंडून त्या दोन शब्दांत फरक तो किती राहणार? इतके दिवस आमची कधी चूक झाली नव्हती, म्हणून ती होऊ शकते हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी सकाळी फळीवर उड्या मारून झाल्यावर मुकादम सांगून गेला होता, "जेवणं झाली की पाणी सोडतो." आधीचे दोन दिवस नळ कोरडा होता. घरोघरी हंडे उपडे पडलेले. पोरांच्या दुधात घालायला पाणी नाही, तिथे भांडी कोण घासतो? सगळ्या बायका दाराशी कळशा ठेवून कानात प्राण आणून बसल्या होत्या.

नाक्यावरून कुणीतरी ओरडलं. पोरं पुढे शपथेवर सांगत होती की आपण 'आले' असंच ओरडलो. ओरडले असतील. आम्ही 'आलं' ऐकलं. एकीने नाही, सगळ्या चाळीने.

बायका उठल्या. जिन्यात भांड्यांचा खणखणाट झाला आणि लगेच नेहमीसारखी वाट झाली. "जाऊ दे तिला, पुढे जाऊ दे." जाऊबाई कळशी कमरेवर घेऊन, एक हात भिंतीला लावत माझ्या समोरून उतरल्या. मी म्हटलं, "सावकाश." त्या म्हणाल्या, "हो गो." सगळ्यांच्या आधी त्या खाली पोचल्या, फळीवरून पलीकडे गेल्या.

आमच्यातली पहिली बाई पायरीवर पोचते न पोचते तोच रस्त्यावरून पोरांचा लोंढा आला. तोंडाला रुमाल बांधलेली, घामाने निथळणारी पोरं फळीवरून आत घुसली आणि जिन्यात आमच्यावर आदळली. हंडे गडगडत खाली गेले. मी अर्ध्या जिन्यावर, वळणावरच्या खिडकीशी दाबली गेले. तिथून मला नळ दिसत होता. जाऊबाईंनी तोटी सोडली होती, आणि नळ नुसता फुसफुसत होता. त्यांनी मान वळवून मागे बघितलं. आमच्यातलं कुणीच मागे नव्हतं.

मी ओरडले. माझा आवाज माझ्याच कानांपर्यंत पोचला नाही. खाली दोघातिघांनी फळी धरून सर्रकन आत ओढली. मला त्यांच्या पाठी तेवढ्या दिसल्या; तोंडं पलीकडून जाऊबाईंना दिसत होती.

पोलीस आले. धुराचं नळकांडं खडीच्या ढिगावर येऊन पडलं. एक हवालदार जाऊबाईंवर ओरडला, "ओ बाई, घरात जा! घरात जा आधी!" तो काही वाईट बोलला नाही. त्या घराकडेच निघाल्या होत्या. चराच्या काठाशी आल्या, आणि थांबल्या. धुराने डोळे मिटत होते, तरी मी बघत राहिले. त्या काठावर बसल्या. आधी कळशी खाली सोडली, मग स्वतःला सोडलं. आणि मला दिसेनाशा झाल्या.

आम्ही त्यांना अलीकडच्या अंगाने वर ओढून घेतलं तेव्हा त्यांचं लुगडं चिखलाने भरलेलं होतं. पाय घसरून त्या पाइपावर पोटावर पडल्या होत्या. पोरांबरोबर गच्चीवर गेलेले भावोजी धावत खाली आले. त्यांनीच जिन्याखालची फळी ओढून काढली, चरावर टाकली आणि जाऊबाईंना हातांवर घेऊन त्या फळीवरून रस्ता ओलांडला. इस्पितळ जवळच होतं. फळी जिन्याखाली कशी आली, हे तेव्हा कुणी विचारलं नाही, मीही नाही.

मुलगी झाली. रडली नाही.

त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. इतकंच सांगते, की मला त्या चरात उतरून एकेक पाइप दगडाने फोडावासा वाटत होता. सासूबाई भिंतीशी बसून राहिल्या. जाऊबाई छताकडे बघत पडलेल्या. छाती बांधून घेताना तेवढ्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घट्ट बांध."

इस्पितळाच्या व्हरांड्यातच भावोजी पहिल्यांदा म्हणाले, "फळीच टाकली नव्हती हरामखोरांनी." मला वाटलं, दुःखाने बोलतात. दुसऱ्या दिवशी चाळीत म्हणाले. मग नाक्यावर म्हणाले. ज्या पोरांनी त्यांच्याबरोबर फळी ओढली होती, तीच माना डोलवत होती. सगळ्या चाळीने तोंडात मिठाची गुळणी धरली. हळूहळू मला दिसायला लागलं, की भावोजी खोटं बोलत नव्हते. त्यांनी ते स्वतःला पटवून घेतलं होतं. नाहीतर त्यांना जेवण गेलं नसतं. आणि ते कळल्यावर मला त्यांची कीव यायच्या ऐवजी भीती वाटायला लागली. त्यांना 'मी खिडकीतून बघितलं' म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "धुरात तुला काय दिसणार?" माझ्या नवऱ्याने मला नजरेने गप्प केलं.

मुकादमाला नाक्यावर गाठून पोरांनी मारलं. तक्रार वर गेली, त्याला कामावरून घरी बसवलं. मग एक दिवस सकाळी वॉर्डातून एक साहेब चौकशीला आला आणि मुकादमाला बरोबर घेऊन आमच्या गॅलरीत उभा राहिला. सगळी चाळ जमली. मुकादमाचा ओठ अजून सुजलेला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडात एकही शिवी नव्हती. "सायब, फळी होती," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मी सकाळी त्यावर उभा राहून बघितली होती. होती हो."

साहेबाने जमलेल्या चाळीकडे बघून विचारलं, "होती का?"

मग मागून एक आवाज आला, "नव्हती." मग आणखी दोन. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आमच्या खोलीचं दार वाजलं.

जाऊबाई बाहेर आल्या. कानाला फडकं बांधलेलं, अंगावर घोंगडी. बाळंतिणीने असं उंबऱ्याबाहेर यायचं नसतं, पण त्यांना अडवणार कोण? त्या मुकादमाच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"होती," त्या म्हणाल्या. "त्या फळीवरूनच मी पलीकडे गेले."

"मग नंतर कुठे गेली?"

"ह्यांनी काढली."

गॅलरीतल्या एकूण एक बाईला कळलं. सासूबाईंनी पदर तोंडात धरला. "गप रव गो," त्या पुटपुटल्या. साहेबाला मात्र काही कळलं नाही. त्याने शेजारी उभ्या असलेल्या मुकादमाकडे बोट केलं. "ह्यांनी म्हणजे, ह्या मुकादमाने?"

मुकादमाने डोळे मिटले. जाऊबाई नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी संपलं असतं. त्या काही खोटंही बोलल्या नसत्या. भावोजी आमच्या दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्या त्यांच्याकडे बघत होत्या, रागाने नाही, नीट ओळख पटवावी तशा.

"बाई, कोणी काढली? नाव सांगा."

लग्न झाल्यापासून मी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी मागे लागल्या की त्या लाजून आत पळायच्या. त्या दिवशी त्यांनी नाव घेतलं. आधी नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव. उखाणा नाही, लाजणं नाही, आवाजही चढवला नाही.

आणि गिरणीत हजेरीला नाव पुकारल्यावर येत असतील तसे भावोजी एक पाऊल पुढे आले.